खर्ची पडलेलं गाव

वालावलात दिवेलागणीला पाच-सहा जण रस्त्याकडेच्या मोरीवर येऊन बसतात. कोणाच्या माडांवर माकडं चढली, कर्लीच्या खाडीत तिसरे मिळायला लागले की नाही, यंदाच्या दहीकाल्याला कुठली दशावतारी मंडळी येणार, असं बोलणं चालतं. ही गजाल. गजालीत देवघेव असते. तुम्ही जावयाचं सांगितलंत की समोरचा आपल्या भाऊबंदकीतला दावा काढतो. एकानेच घेत राहायचं आणि द्यायचं काहीच नाही, असं तिथे चालत नाही.

२०२१ मध्ये सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो आणि रोज त्या मोरीवर जाऊन बसू लागलो. तीन-चार महिन्यांनी जाणवलं की मी पोचलो की बोलणं हळूहळू आटतं. एका संध्याकाळी शाळेतला मित्र माझ्यासोबत घरापर्यंत चालत आला आणि बेड्याशी, म्हणजे फाटकाशी, थांबून म्हणाला, "तू इचारतस सगळा, पण सांगणस कायच नाय."

त्या रात्री अंथरुणावर पडून मी हिशेब केला. मोरीवरच्या प्रत्येकाचं कर्ज मला ठाऊक होतं. कोणाचं कोणाशी बिनसलंय, कोणाचा मुलगा गोव्याहून कोणत्या वारी येतो, कोण कोणत्या दुकानातून उधारी आणतो, सगळं. माझी मुलगी कुठे असते हे मात्र त्यांच्यापैकी एकालाही मी सांगितलेलं नव्हतं. हे मी ठरवून केलं नव्हतं. अर्धा प्रश्न विचारायचा, मग गप्प राहायचं, म्हणजे उरलेलं समोरचा स्वतःहून भरतो. ही सवय १९९५ साली सात महिन्यांत माझ्या अंगात शिरली आणि अजून निघालेली नाही.

त्या सात महिन्यांबद्दल लिहितो आहे. त्यातल्या कोणाचं नाव लिहिणार नाही. मी धारण केलेलं नावही नाही.

आपल्याकडे पोलिसाने वर्षानुवर्षं खोट्या नावाने राहण्याची पद्धत जवळजवळ नाही. साध्या वेषातला पोलीस असतो, पोलीस ठाण्यात गोपनीय शाखेचा अंमलदार असतो, खबरी असतात, आणि अमली पदार्थांच्या किंवा वेश्याव्यवसायाच्या छाप्यात बनावट गिऱ्हाईक असतं. बनावट गिऱ्हाइकाचं काम एका दुपारचं. पंचांसमोर नोटांचे नंबर लिहून घ्यायचे, नोटा खिशात घालायच्या, सौदा झाला की ठरलेली खूण करायची, डोक्यावरून हात फिरवायचा किंवा रुमाल झटकायचा, आणि बाजूला व्हायचं. मीही ते काम सहा-सात वेळा केलं होतं. अशा छाप्यानंतर माणूस घरी जाऊन जेवतो आणि झोपतो.

तेव्हा मी मुंबईत एका पथकात शिपाई होतो. गर्दचे, म्हणजे हेरॉइनच्या पुड्यांचे, दिवस होते. रेल्वेपुलांच्या खाली गर्दुल्ले पडलेले असत, आणि गिरणगावातल्या एका टोळक्याकडून त्या भागात पुड्या पसरत होत्या. टोळक्यातले निम्मे कोकणातले होते. जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या गिरणी संपानंतर ज्यांचं खातं बंद झालं ते बंदच राहिलं, अशांपैकी काही. काही त्यांची पोरं. ही माणसं आपसात मालवणी बोलत आणि परका माणूस आला की गप्प होत. साहेबांनी मला बोलावून घेतलं. म्हणाले, "तुझी बोली शिकवलेली वाटणार नाही. दोन-तीन आठवडे जाऊन राहा."

दोन-तीन आठवड्यांचे सात महिने झाले, कारण टोळक्याचा वरचा माणूस हाती येत नव्हता, आणि खालच्याला धरून वरच्याला सावध करायची कोणाची तयारी नव्हती.

प्रशिक्षण असं काही झालं नाही. एका सहकाऱ्याने, ज्याने हे काम पूर्वी थोडंफार केलं होतं, चहाच्या टपरीवर उभ्याउभ्या सांगितलं, "नाव बदल, गावाचं नाव बदल. बाकी शक्य तितकं खरं ठेव. खोटं लक्षात ठेवावं लागतं, खरं लक्षात ठेवावं लागत नाही." सल्ला अगदी बरोबर होता. त्या सल्ल्यामुळेच मी वाचलो. मी जे गमावलं तेही त्याच सल्ल्यापायी.

मी एका खानावळीच्या माळ्यावर जागा घेतली. कोकणातल्या एकट्या पुरुषांच्या अशा खोल्या तेव्हा लालबाग-परळच्या चाळींत पुष्कळ होत्या. एकेका गावाच्या मंडळाची खोली, भिंतीवर ट्रंकांची रांग, रात्री पाठीला पाठ लावून झोपायचं. कोणी गावाबद्दल विचारलं की मी म्हणे, वेंगुर्ल्याकडचा. पण गाव म्हणजे काही नुसतं नाव नव्हे. गाव कसं आहे, हे विचारणारच. आणि मग मी वालावल सांगू लागलो.

लक्ष्मीनारायणाचं देऊळ, त्याला लागून तळं, तळ्याच्या काठाने माड. वारा पडला की पाण्यात माड उलटे उभे राहतात आणि खरे कुठले ते क्षणभर कळत नाही. देवळातले लाकडी कोरीव खांब, त्यांना हात लावला म्हणून लहानपणी खाल्लेली थप्पड. पाठीशी कुपीचा डोंगर. खाली कर्ली, भरतीला तिचं पाणी खारं होऊन वर चढतं आणि ओहोटीला चिखलात खेकड्यांची भोकं उघडी पडतात. पहिल्यांदा हे सांगितलं तेव्हा समोरच्या चौघांचे चेहरे सैल झाले. त्यांच्यापैकी कोणी दोन-तीन वर्षं गावी गेलेलं नव्हतं. तेव्हा मला उमगलं की हे नाणं इथे चालतं.

पुढे रोज मी ते नाणं मोडत गेलो. आज तळं, उद्या देऊळ, परवा वडील वारले त्या रात्रीचा पाऊस आणि ओली लाकडं. आईचा दमा तर मी पुन्हापुन्हा वापरला. आईला दमा खरोखरच होता. रात्री भिंतीला टेकून बसून ती पहाट करायची. पैशाची गरज असलेला माणूस म्हणून उभं राहायचं तर कारण लागतं, आणि यापेक्षा पक्कं कारण माझ्यापाशी नव्हतं. ते सांगताना डोळ्यांत पाणी आलं तर तेही खरंच असे. आलेलं पाणी किती उपयोगी पडलं, हे डोक्यातला पोलीस त्याच क्षणी टिपून ठेवायचा.

माणसं मला विचारतात, भीती वाटायची का? वाटायची. पण भीतीची सवय होते. गर्दीत पाठ उघडी राहिली की मानेवर काटा येतो, दाराकडे तोंड करून बसायची खोड लागते, गाड्यांचे नंबर आपोआप पाठ होतात. हे सगळं आजही आहे आणि त्याचं मला फारसं काही वाटत नाही. निवृत्त पोलिसाच्या घरी हे असायचंच. बोलायचं आहे ते दुसऱ्या गोष्टीबद्दल, आणि ती सांगायची तर त्या माणसाबद्दल सांगावं लागेल.

तो पेडण्याकडचा होता, माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठा. गिरणीत बदली कामगार होता, संपात बाहेर पडला, पुढे मिळेल ते काम केलं आणि शेवटी या लोकांच्या पुड्या इकडून तिकडे पोचवू लागला. स्वतः गर्द घेत नसे. टोळक्यात त्याला किंमत नव्हती, पण वरच्यापर्यंत पोचायची वाट त्याच्यावरून जात होती, म्हणून मी त्याच्याशी सलगी वाढवली. सलगी वाढवायला त्रास पडला नाही. तो चांगला माणूस होता. खानावळीत माझं ताट झाकून ठेवी. मला ताप आला तेव्हा दोन रात्री उशाशी बसला. एकदा आईच्या औषधासाठी दोनशे रुपये त्याने माझ्या खिशात कोंबले आणि वर दटावलं. ते पैसे मी वरिष्ठांपुढे ठेवले. ते म्हणाले, याची नोंद करत बसू नकोस, तुझ्याकडेच ठेव. मी ते मनिऑर्डरने वालावलला पाठवले. महिन्याभराने आईचं पत्र आलं, शेजारच्या मुलाकडून लिहून घेतलेलं: औषध आणलं, आता झोप लागते.

जुलैतल्या एका रात्री पाऊस कोसळत होता आणि आम्ही दोघेच माळ्यावर होतो. मी पुन्हा तळ्याबद्दल काहीतरी बोललो. तो ऐकत राहिला, मग आवाज न चढवता म्हणाला, "तां वालावल मां रे?"

मला काही सुचेना. लहानपणी तो दशावतारी मंडळीत असलेल्या मामाबरोबर दहीकाल्यांना हिंडायचा, पेटाऱ्याजवळ झोपायचा. वालावलचं तळं त्याने पाहिलं होतं. वेंगुर्ल्याकडे असं तळं नाही, हे त्याला पहिल्याच महिन्यात कळलेलं होतं.

"कर्ज करून पळालंस काय?" त्याने विचारलं. मी मान हलवली. "आसुंदे," तो म्हणाला. "माझ्या तोंडातसून खंय जावचा नाय."

आणि गेलं नाही. पुढे एकदा टोळक्यातल्या एका बड्याने सगळ्यांसमोर मला विचारलं, तू नेमका कुठला? मी तोंड उघडायच्या आत त्यानेच उत्तर दिलं: "वेंगुर्ल्याकडचो. मी बघलंय तेचा घर." माझं खोटं माझ्यासाठी तो बोलला.

माझं खरं गाव एका आरोपीला कळलं आहे, हे मी ताबडतोब वर सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर मला त्याच दिवशी बाहेर काढलं असतं. मी सांगितलं नाही. कोणत्याही अहवालात ते नाही. आज पहिल्यांदा लिहितो आहे.

त्या काळात माझी बायको नायगावच्या पोलीस वसाहतीत तीन वर्षांच्या मुलीला घेऊन एकटी राहत होती. दहा-पंधरा दिवसांनी, रात्री उशिरा, वेगळ्या रस्त्याने मी घरी जायचो आणि उजाडायच्या आत निघायचो. शेजारणींना ती सांगायची, नाशिकला ट्रेनिंगला गेलेत. ट्रेनिंग इतकं लांबल्यावर वसाहतीत कुजबुज सुरू झाली की याचं बाहेर काहीतरी आहे. ते तिच्या कानावर आलं, आणि तरीही तिने नाशिकच सांगितलं. त्या सात महिन्यांत खोटी गोष्ट वागवणारे आम्ही दोघं होतो. मला निदान पगार आणि साहेबांची शाबासकी होती. तिला कोणी विचारलंही नाही. बायकोला विश्वासात घेऊन चार गोष्टी सांगाव्यात, ही साधी बाब कोणाच्या डोक्यात आली नाही. माझ्याही आली नाही, हे कबूल करायला हवं.

नोव्हेंबर उजाडला तरी वरचा माणूस हाती लागला नव्हता. पुढे तर तो मुंबईतूनच नाहीसा झाला. सात महिने एक शिपाई अडकवून ठेवला, त्याचं काहीतरी फळ दिसायला हवं होतं. मला निरोप आला, आहे त्याला माल आणायला लाव.

मी पेडण्याकडच्या त्या मित्राला म्हणालो, एकदाच मोठा सौदा करून दे. आईला मुंबईला आणून दाखवायचंय.

तो तयार नव्हता. पुड्या पोचवणं वेगळं आणि माल स्वतःजवळ बाळगणं वेगळं, हे त्याला कळत होतं. दोन आठवडे मी त्याच्या मागे लागलो. शेवटी, "आवशीसाठी करतंय," म्हणाला, आणि साठ ग्रॅम घेऊन आला. मी डोक्यावरून हात फिरवला.

१९५६ साली रामजनम सिंह विरुद्ध बिहार राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सापळ्यांबद्दल जे म्हटलं ते मी फार नंतर वाचलं. गुन्हा करायला निघालेल्याला पकडायला सापळा लावणं ही एक गोष्ट आहे, आणि माणसाच्या सोसण्यापलीकडचा मोह त्याच्यापुढे ठेवून, तोही कायद्याच्या रखवालदारांनीच, त्याला गुन्ह्यात ओढणं ही दुसरी, असा त्याचा आशय आहे. खटला लाचेचा होता. पण वाचताना मला खानावळीचा माळा दिसत होता. तो माणूस निर्दोष नव्हता. तो पुड्या पोचवत होता, आणि त्या पुड्यांनी मेलेली पोरं मी स्वतः पंचनाम्यात मोजली होती. हे मी स्वतःला सांगतो आणि ते खरं आहे. साठ ग्रॅम त्याने माझ्या आईसाठी आणले होते, हेही तितकंच खरं आहे. तीस वर्षं मी ही दोन वाक्यं शेजारी ठेवून पाहतो. एकामुळे दुसरं पुसलं जात नाही.

१९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात तेव्हा वजनाला महत्त्व नव्हतं. स्वतःपुरत्या चिमूटभर मालाची सवलत सोडली, तर साठ ग्रॅम काय आणि साठ किलो काय, किमान शिक्षा दहा वर्षं सक्तमजुरी आणि एक लाख रुपये दंड. शिक्षेत सूटही नाही. त्याला दहा वर्षं लागली. ऑक्टोबर २००१ मध्ये कायदा बदलला. हेरॉइनचं पाच ग्रॅमपर्यंतचं प्रमाण अल्प, अडीचशे ग्रॅमच्या वरचं व्यापारी, आणि मधल्यांना किमान शिक्षेची सक्ती नाही, असं ठरलं. ज्यांना आधीच शिक्षा लागली होती त्यांना मात्र याचा लाभ नव्हता. बदललेला कायदा मी पोलीस ठाण्यातल्या बाकावर बसून वाचला आणि उठून बाहेर गेलो. नव्या कायद्यात न्यायाधीशाला त्याच्याकडे माणूस म्हणून पाहायला जागा होती.

न्यायालयात मी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहून माझं खरं नाव, हुद्दा आणि बक्कल नंबर सांगितला. तो समोर बसला होता. त्याच्या वकिलाने उलटतपासणीत पुष्कळ खोदलं, पण गावाचा विषय निघाला नाही. म्हणजे वकिलालाही त्याने ते सांगितलं नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत त्याला माझ्या अंगावरूनच नेलं. बरोबरच्या शिपायाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात त्याने विचारलं, "आवशीक बरा आसा मां?"

मी उत्तर दिलं नाही. आरोपीशी बोलायची मनाई होती, हे कारण मी पुढे बरीच वर्षं स्वतःला दिलं.

खात्याने मला प्रशस्तिपत्र दिलं आणि दुसऱ्या दिवशी बंदोबस्ताला लावलं. ते नाव अंगावरून उतरवायला कोणी मदत केली नाही. तशी मदत लागते, हेच कोणाला ठाऊक नव्हतं. माझा चुलतभाऊ दशावतारात स्त्रीपार्ट करायचा. पहाटे दहीहंडी फुटली की तो पेटाऱ्यापाशी बसून खोबरेल तेलाने तोंडावरचा रंग काढी, मुकुट कपड्यात गुंडाळून ठेवी, पेटाऱ्याला नमस्कार करी आणि मगच घरी निघे. रात्रभर द्रौपदी झालेला हा माणूस सकाळी कुळीथ निवडत बसलेला मी पाहिला आहे. त्याच्या कामाला पहाट होती. गावकऱ्यांना ठाऊक होतं की हा अमक्याचा झील आहे आणि रंग उतरला की तो आपल्यात येऊन बसणार आहे. माझ्या बाबतीत हे ठाऊक असलेलं माणूस घरात एकच होतं, आणि तिच्याशी मी बोलत नव्हतो.

त्या नावाने कोणी हाक मारली की पुढची कितीतरी वर्षं मी वळून पाहायचो. स्वतःच्या नावाला मात्र दुसऱ्या हाकेला ओ द्यायचो. कारण नसताना खोटं बोलायचो. वाण्याने विचारलं, कुठे निघालात, की दादरला जाणारा मी ठाण्याला म्हणायचो. मुलगी शाळेतलं काही सांगू लागली की तिच्या गोष्टीत कुठे फट आहे ते शोधायचो. ती दहा वर्षांची असताना एकदा म्हणाली, "बाबा, मी चोर नाहीये." बायको म्हणायची, तुम्ही घरात असूनही कुणाकडे तरी गेलेले असता. हे सारं जमेस धरूनही सांगतो, सगळ्यात जास्त मोडलं ते गाव.

खटल्यानंतरच्या चवथीला मी वालावलला गेलो. देवळात हात जोडून उभा राहिलो, खांबावरच्या कोरीव कामाकडे लक्ष गेलं आणि मनात आलं: हे मी ऑगस्टमध्ये वापरलं. तळ्याकडे पाहिलं: हे जूनमध्ये, दोनदा. आई रात्री भिंतीला टेकून बसली तेव्हा मी तिच्याकडे पाहू शकलो नाही. ज्या ज्या गोष्टीवर नजर जाई, तिच्या पाठीमागे तो ऐकत बसलेला दिसे. आठवणी दुसऱ्याला सांगून झिजत नाहीत, सांगितल्याने त्या उलट मुरतात, हा माझाही अनुभव होता. पण त्या कामासाठी वापरल्या की त्यांना हात लावण्याचा आपला हक्क संपतो. पुढे दहा-बारा वर्षं मी गावी जायचो ते दोन दिवसांसाठी, आणि तळ्याच्या वाटेने जायचं टाळायचो.

निवृत्तीनंतर वेळ मिळाला तेव्हा दुसऱ्यांचं वाचलं. अमेरिकेतला जोसेफ पिस्टोन १९७६ पासून १९८१ पर्यंत 'डॉनी ब्रास्को' या नावाने न्यूयॉर्कच्या माफियात राहिला; त्यानंतर त्याच्या कुटुंबाला नाव बदलून राहावं लागलं. लंडनच्या पोलिसांनी १९६८ मध्ये एक गुप्त पथक काढलं. त्यातले अनेक जण आंदोलकांमध्ये वर्षानुवर्षं राहिले, मेलेल्या लहान मुलांची नावं त्यांनी धारण केली, आणि काहींनी त्याच खोट्या नावाने बायकांशी संसार मांडले. २०१५ मध्ये तिथल्या पोलिसांनी फसवल्या गेलेल्या काही स्त्रियांची जाहीर माफी मागितली आणि त्याच वर्षी न्यायिक चौकशी सुरू झाली. त्या स्त्रियांबद्दल वाचताना माझ्या डोळ्यांपुढे तोच होता. प्रेमाने फसवला गेलेला माणूस कायद्याच्या कोणत्या बाजूला उभा आहे, यावर त्याचं दुःख कमी-जास्त होत नाही.

आपल्याकडे बहिर्जी नाईकांचं नाव निघालं की छाती फुगते. १६६४ च्या सुरतेच्या स्वारीआधी त्यांनी काढलेली माहिती, त्यांची वेषांतरं, बाणूरगडावरची त्यांची समाधी, हे आम्हाला लहानपणापासून ठाऊक. १९८६ च्या एप्रिलमध्ये मधुकर झेंडे साहेबांनी गोव्यात पर्वरीच्या ओ कोकेरो हॉटेलात कुख्यात गुन्हेगार चार्ल्स शोभराजला धरलं. ती गोष्ट माझ्या पिढीच्या प्रत्येक शिपायाने शंभरदा ऐकली होती आणि आपल्याही वाट्याला असं काही यावं असं प्रत्येकाला वाटे. मलाही वाटे. त्या गोष्टींबद्दलचा माझा आदर आजही तेवढाच आहे. फक्त माणूस मोहिमेवरून परतला, की पुढे तो रात्री कसा झोपला, हे त्या गोष्टींत कोणी सांगत नाही, आणि ऐकणारेही विचारत नाहीत.

मी बदली घेऊन सिंधुदुर्गात आलो तेव्हा आई गेलेली होती. मुंबईवरच्या २००८ च्या हल्ल्यानंतर किनाऱ्यावर 'सागर कवच' नावाचा सराव होऊ लागला होता. पोलीस आणि तटरक्षक दलातलेच काही जण अतिरेकी बनून होडीतून येतात, बाकीच्यांनी त्यांना अडवायचं. २०१३ साली मला अतिरेक्याच्या बाजूला दिलं. देवबागेकडे उतरून कुडाळच्या रस्त्याला लागायचं होतं. नाक्यावर एका तरुण शिपायाने गाडी थांबवली आणि विचारलं, कुठे निघालात एवढ्या रात्री? मी म्हणालो, "आवशीक दम्याचा जोर झालाय. कुडाळाक औषध आणूक चल्लंय." घसा दाटून आला होता. त्या पोराने बॅटरी बंद केली आणि म्हणाला, जावा काका, बेगिन जावा.

आई जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. मी पुढच्या वळणावर गाडी बाजूला घेतली आणि उजाडेपर्यंत तिथेच बसून राहिलो. सरावाच्या कागदावर आमची बाजू जिंकली असं लिहिलं गेलं. त्यानंतर मी वरिष्ठांना सांगितलं की मला पुन्हा या बाजूला देऊ नका. कारण विचारलं तेव्हा, वय झालं, म्हणालो.

घरी येऊन बायकोला मात्र सगळं सांगितलं. माळा, साठ ग्रॅम, दोनशे रुपये, सगळं. अठरा वर्षांनी. ती ऐकत राहिली आणि मग एवढंच म्हणाली, "नाशिक नव्हतं ते मला माहीत होतं. पण हे मला तेव्हा सांगायचं होतं."

खातं बदलत नाही असं नाही. २०१६ मध्ये मुंबईत देवनार पोलीस ठाण्यात एका शिपायाच्याच सूचनेवरून आठ तासांची पाळी सुरू झाली, तेव्हा मला खरोखर आनंद झाला. बारा-बारा तास उभा राहिलेला माणूस घरी माणसासारखा वागू शकत नाही, हे वरच्यांना खालच्याने समजावलं होतं. २०२२ पासून टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक आहे, रात्री-अपरात्री कोणीही फोन करून बोलू शकतं. पण खोट्या नावाने पाठवलेल्या माणसासाठी काही वेगळं लागतं. किती दिवस हे आधी ठरलेलं असावं आणि ते वाढवू नये. परतल्यावर त्याच्याशी बोलायला खात्याबाहेरचा मानसोपचारतज्ज्ञ असावा, कारण वरिष्ठाशी बोलणं म्हणजे जबाब. घरच्या माणसाला आधीच सांगितलेलं असावं. आणि ज्याच्याशी मैत्री केली त्याच्याकडून माल आणवायचं काम मैत्री करणाऱ्यावरच टाकू नये; त्यासाठी दुसरं बनावट गिऱ्हाईक पाठवावं. या चारही गोष्टींना पैसा फारसा लागत नाही.

गेल्या वर्षी आमच्या वाडीतला एक मुलगा, नुकताच पोलिसात लागलेला, मला भेटायला आला. आता एमडी या अमली पदार्थाची पावडर आपल्याही तालुक्यांपर्यंत पोचली आहे आणि त्याला साध्या वेषात काही दिवस कुठेतरी बसायचं होतं. काका, काय सांभाळायचं? मी त्याला पुष्कळ तांत्रिक गोष्टी सांगितल्या. निघताना म्हणालो, "कोणी गावाबद्दल विचारलं तर आपला गाव सांगू नको. नाव बदलून सुद्धा नको. दुसऱ्याचा गाव पाठ कर." त्याला ते नीट कळलं नसावं. मी त्याला तळ्यापर्यंत चालत घेऊन गेलो आणि मोरीवर जे कधी सांगितलं नव्हतं ते सांगितलं.

आता एकच सांगायचं उरलं आहे. २००६ च्या चवथीला मी गावी आलो होतो. पातोळ्यांसाठी हळदीची पानं पुसता पुसता आई सहज म्हणाली, "शिमग्यात तुझो एक दोस्त इललो."

तो नोव्हेंबर २००५ मध्ये सुटला होता. न्यायालयात ऐकलेल्या माझ्या आडनावावरून विचारत विचारत घरापर्यंत आला होता. आईसाठी खाजं घेऊन आला होता. तिच्या दम्याची चौकशी केली, ओटीवर बसून पाणी प्यायला, आणि मग तळ्याकडे गेला. आईने शेजारच्या पोराला दाखवायला पाठवलं, तर म्हणाला, नको, माका वाट म्हायत हा. घटकाभर तळ्याच्या पायरीवर बसला आणि कुडाळच्या गाडीने गेला.

मी हातातली सुरी खाली ठेवली आणि आईला विचारायला लागलो. किती वाजता आला? एकटाच होता? गाडीने आला की चालत? घरात कोणकोण आहे हे विचारलं का? माझी बदली, माझी मुलगी, शाळा, यातलं काही विचारलं? पुन्हा येतो म्हणाला? खाजं खाल्लंस का? आई एकेकाचं उत्तर देत गेली, आणि देता देता पानं पुसायची थांबली. माझ्याकडे तिने कसं पाहिलं ते मला सांगता येणार नाही.

मी सगळं विचारलं. तो बरा दिसत होता का, हे विचारायचं राहून गेलं, आणि तीन वर्षांनी आई गेली.